३६ टन ब्लँकिंगला चालले, ३६ टन ड्रॉला का नाही चालले? (पत्राकामातल्या टनेजचा हिशोब)

पत्रेवाला (धागाकर्ता)
रविवार, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी,

भोसरीत आमचं लहानसं प्रेस शॉप आहे. २०, ३० आणि ६३ टनी, तिन्ही सी-फ्रेम पॉवर प्रेस. आजवर वॉशर, क्लॅम्प, ब्रॅकेट असलीच कामं केली. गेल्या महिन्यात पहिल्यांदा ड्रॉचं (सपाट पत्रा पंचाने डायमध्ये ओढून कप करायचं) काम घेतलं आणि त्यात जे झालं ते मला अजून नीट कळलेलं नाही, म्हणून इथे सगळं मांडतोय.

पार्ट सोपा आहे. ईडीडी (खोल ड्रॉसाठीचा मऊ) पत्रा, जाडी २ मिमी. सरळ गोल कप, व्यास १२०, खोली ६०, फ्लँज नाही. ब्लँकचा (कपासाठी आधी कापायच्या सपाट चकतीचा) व्यास क्षेत्रफळ सारखं धरून काढला: १२० चा वर्ग अधिक ४ × १२० × ६०, त्याचं वर्गमूळ, म्हणजे २०७.८ मिमी. ट्रिमिंगचा अलाउन्स वेगळा, तो इथे सोडून देतो.

कोटेशन देण्याआधी टनेज काढलं. पत्र्याची ताणशक्ती ३४० न्यूटन प्रति चौ. मिमी धरली.

ब्लँकिंग (ती चकती कापणं): परिमिती ६५३ × जाडी २ × कातरशक्ती २७२ (ताणशक्तीच्या ०.८ पट) = ३,५५,००० न्यूटन. ९८१० ने भागलं की ३६.२ टन.

ड्रॉ: ३.१४ × १२० × २ × ३४० × (२०७.८ ÷ १२० − ०.७) = २,६४,००० न्यूटन, म्हणजे २७ टन. ब्लँक होल्डरला (ड्रॉ होताना चकतीची कड दाबून धरणाऱ्या रिंगला) त्याचा एक तृतीयांश, ९ टन. होल्डरला खालून दाब देणारं कुशन असल्यामुळे तो भारही रॅमवरच (प्रेसच्या खालीवर होणाऱ्या भागावरच) येतो. बेरीज ३६ टन.

दोन्ही आकडे ३६ आले. प्रेस ६३ टनी. पाऊणपट क्षमतेच्या वर जायचं नाही, हा आमचा नियम, त्यातही बसत होतं. त्याच प्रेसचा रेट लावून कोटेशन दिलं आणि ऑर्डर मिळाली.

ब्लँकिंग झकास झालं. एका दिवसात ५०० ब्लँक पडले, बर (कापलेल्या कडेचा खरखरीत काठ) नाही, आवाज नाही. मग ड्रॉची डाय चढवली. पंच खाली, डाय वर, कुशन पिनांवर ब्लँक होल्डर. तेल लावून पहिला ब्लँक ठेवला. डाय खाली आली, पत्रा धरला गेला, पंधराएक मिमी कप उतरला आणि प्रेस तिथेच थांबली. पट्टे ओरडले, रबर जळल्याचा वास आला आणि स्टार्टर ट्रिप झाला. रॅमखालचा शिअर वॉशर (जादा भार आला की स्वतः फुटून प्रेस वाचवणारा) काढून बघितला तर शाबूत! म्हणजे ६३ टनांच्या वर भार गेलाच नाही. मग ६३ टनी प्रेस ३६ टनांना अडली कशी?

अर्धवट कप अजून टेबलावर ठेवलाय. तळ गुळगुळीत, कडेला सुरकुती नाही, कुठे फाटलेला नाही. डायमध्ये चूक असती तर त्याच्यावर दिसली असती असं मला वाटतं.

शटहाइट
रविवार, रात्री ९.४२

प्रेसचा स्ट्रोक (रॅमची वरपासून खालपर्यंतची धाव) किती? आणि कॅटलॉगमध्ये ६३ टन हे किती मिमीवर दिलेत ते सांगा. उत्तर त्या दोन आकड्यांतच असणार.

पत्रेवाला
रविवार, रात्री ९.५५

स्ट्रोक १६०. कॅटलॉग शोधून काढला. '६३ टन, बीडीसीच्या (रॅमच्या सगळ्यात खालच्या बिंदूच्या) वर ६ मिमी' असं लिहिलंय. ही ओळ मी आजवर कधी वाचलीच नव्हती.

जुना फोरमन
रविवार, रात्री ११.२०

पत्रेवाल्या, तू हिशोब मांडून विचारलास हे फार बरं केलंस. पस्तीस वर्षं प्रेस शॉपमध्ये काढली मी. हीच गोष्ट दर दोन-चार वर्षांनी कुणातरी नव्या मालकाबरोबर होताना पाहिली आहे. तुझं गणित बरोबर आहे. पण ते गणित पत्र्याचं झालं, प्रेसचं अजून करायचं राहिलंय.

अडकित्ता डोळ्यांसमोर आण. सुपारी बिजागरीजवळ धरली तर दोन बोटांत फुटते, टोकाकडे धरली तर सगळा पंजा लावूनही फुटत नाही. हात तोच, जोर तोच, फक्त अंतर बदललं. क्रँक प्रेसमध्ये हेच असतं. रॅम बीडीसीजवळ आला की क्रँकची आडवी भुजा अगदी लहान होते, त्यामुळे तेवढ्याच पिळातून रॅमवर प्रचंड जोर येतो. रॅम वर असताना भुजा मोठी आणि जोर कमी. ६३ टन हा आकडा शेवटच्या ६ मिमीतला आहे. वरती तो मिळत नाही.

किती मिळतो ते काढून बघू. स्ट्रोक १६०, म्हणजे क्रँकची त्रिज्या ८०. बीडीसीपासून ६ मिमीवर क्रँकचा कोन साधारण २२ अंश, त्याचा साइन ०.३८. तुझा पत्रा पहिल्यांदा टेकतो ६० मिमीवर. तिथे कोन साडेपंचाहत्तर अंश, साइन ०.९७. जोर या साइनच्या उलट प्रमाणात जातो. म्हणून ६० मिमीवर तुझी प्रेस ६३ × ०.३८ ÷ ०.९७, म्हणजे जेमतेम २५ टनांची. पंधरा मिमी कप उतरला म्हणतोस, म्हणजे ४५ मिमीवर. तिथे साइन ०.९०, मिळणारे टन साडेसव्वीस. कनेक्टिंग रॉडच्या लांबीने थोडा फरक पडतो, पण निवडीपुरतं हे गणित पुरे.

तुला हवे होते ३६, तेही नेमके तिथेच. ड्रॉचा जास्तीत जास्त भार तळाशी येत नाही. पंच आत शिरल्यावर पहिल्या चतुर्थांश ते तृतीयांश प्रवासात तो शिगेला पोचतो आणि मग फ्लँज (अजून आत न ओढलेली सपाट कड) लहान होत जाते तसा उतरतो. प्रेस सगळ्यात दुबळी असते तिथे ड्रॉ सगळ्यात जास्त मागतो. ब्लँकिंगचं उलटं. तिथे सगळं काम शेवटच्या दोन-तीन मिमीत उरकतं, जिथे प्रेस पूर्ण ६३ टनांची असते. म्हणून एक ३६ गेला आणि दुसरा अडला.

आता शिअर वॉशर. तो फक्त रॅमवरचा भार ओळखतो. ६३ च्या वर गेला तरच फुटतो. तुझ्या रॅमवर ६३ च्या जवळपाससुद्धा भार नव्हता, तो कशाला फुटेल? पण क्रँकशाफ्टला आणि क्लचच्या कीला (फ्लायव्हील आणि क्रँक जोडणाऱ्या खुंटीला) पीळ बसला तो पुऱ्या क्षमतेचा, कदाचित त्याच्याही वरचा. वॉशर शाबूत आहे म्हणून निर्धास्त राहू नकोस. की काढून बघ, क्रँकचा कीवे (की बसते ती खाच) बघ.

आणि एक, हे सगळ्यांसाठी. प्रेस अशी अर्ध्यावर अडकली की खाली हात घालून पत्रा ओढायचा नाही. मेन बंद, फ्लायव्हील पूर्ण थांबलेलं, रॅमखाली ठोकळे, त्यानंतरच पाना. अडकलेल्या रॅममध्ये पीळ साठलेला असतो, सुटला की रॅम कुठल्याही बाजूला जातो. मी माणसांची बोटं गेलेली पाहिली आहेत. त्यातला एक माझ्याच पाळीतला होता.

सातपूरकर
सोमवार, सकाळी ७.३५

फोरमनकाकांनी जोराचं सांगितलं. दुसरा हिशोब उर्जेचा, आणि माझ्या मते इथे तोच जास्त आडवा आला.

बळ गुणिले अंतर म्हणजे काम. ते टन-मिमीमध्येच मांडू, डोक्यात पटकन बसतं.

ब्लँकिंग: ३६ टन, पण पत्रा पूर्ण २ मिमी कापावा लागत नाही. साधारण निम्म्या जाडीत पंच शिरला की बाकीचा तडकून सुटतो. म्हणजे ३६ × १ = ३६ टन-मिमी.

ड्रॉ: २७ टन ६० मिमीभर, पण सगळीकडे २७ नसतात म्हणून ०.७ ने गुणायचं. ११३४. कुशनचे ९ टन मात्र पूर्ण ६० मिमी ढकलत न्यावे लागतात, ते ५४०. एकूण १६७४ टन-मिमी.

दोन्हीकडे टन ३६, पण काम ४५ पटीहून जास्त!

ही उर्जा स्ट्रोकच्या क्षणी मोटर देत नाही, फ्लायव्हील देतं. मोटर फक्त मधल्या वेळात त्याला परत पळवते. फ्लायव्हीलचा वेग १० टक्के उतरला की त्यातली १९ टक्के उर्जा निघते, २० टक्के उतरला की ३६ टक्के. याहून खाली नेलं की पट्टे घसरतात आणि मोटर करंट खात सुटते. तुमच्याकडे वास आला तो याचाच. साध्या प्रेसची एका स्ट्रोकची उर्जा आम्ही रेटेड टन गुणिले रेटेड अंतर अशी धरतो. तुमची ६३ × ६ = ३७८ टन-मिमी. प्रत्येक स्ट्रोकनंतर थांबून चालवली तर फार तर दुप्पट, ७५६. तुम्ही मागितले १६७४.

म्हणून शेजारच्याची १०० टनी आणून सुटेल असं कुणी सांगितलं तर तेही आधी तपासा. २०० मिमी स्ट्रोकच्या १०० टनी प्रेसला ४५ मिमीवर ४० टन मिळतील, म्हणजे जोर पुरेल. उर्जा मात्र ६०० टन-मिमीच. पहिला कप निघेलही कदाचित, तिसऱ्या-चौथ्याला फ्लायव्हील बसेल. हे काम एक तर मोठ्या गिअर प्रेसचं किंवा हायड्रॉलिकचं. हायड्रॉलिकला वरपासून खालपर्यंत पूर्ण टन मिळतात, हा तिचा मोठा गुण. वेग कमी, पण तुमची संख्या काय आहे त्यावर ते.

खटपट्या
सोमवार, सकाळी ९.०५

आम्ही टनेज जास्त आलं की पंचला शिअर देतो. एका जाडीइतका उतार दिला की भार निम्म्यावर नाही तरी तिसऱ्या हिश्श्याने कमी होतो. इथे तसं काही करता येणार नाही का?

जुना फोरमन
सोमवार, सकाळी ९.३०

शिअर कापण्याच्या कामाला. ब्लँक सपाट हवा असेल तर उतार डायला, भोक हवं असेल तर पंचला. तो भार कमी करतो कारण सगळी परिमिती एकदम न कापता क्रमाने कापते. ड्रॉमध्ये काप नाहीच. सगळी फ्लँज एकदमच आत सरकते, तिथे क्रम लावायला काही नाही. तिथे भार कमी करायचा तर डायच्या ओठाची त्रिज्या, तेल, कुशनचा दाब आणि क्लिअरन्स (पंच आणि डाय यांच्यातली फट), एवढीच चार हत्यारं.

पत्रेवाल्या, क्लिअरन्स किती ठेवलायस? डायची त्रिज्या किती?

पत्रेवाला
सोमवार, दुपारी १.१५

काका, सातपूरकर, तुम्ही दोघांनी डोळे उघडले. ४५ पट हा आकडा मी वहीत लिहून ठेवलाय.

क्लिअरन्स एका बाजूला २.०५ मिमी. पत्रा २ चा, म्हणून. डायची त्रिज्या ८.

जुना फोरमन
सोमवार, दुपारी १.४०

२.०५ फारच घट्ट. ब्लँकची कड आत ओढली जाते तेव्हा घेर लहान होतो आणि पत्रा कडेकडे जाड होतो. २ चा पत्रा वरच्या काठाला २.२, कधी त्याहूनही थोडा जास्त भरतो. त्याला २.०५ च्या फटीतून काढलंस तर ड्रॉबरोबर आयर्निंगही (पत्रा फटीत रगडून पातळ होणंही) सुरू होतं आणि त्याचा भार तुझ्या गणितात कुठेच नाही. जाडीच्या १.१ पट ठेव, २.२. मायक्रोमीटरने पहिल्या कपाचा काठ चार जागी मोज आणि मग हवं तर आणखी सोड.

त्रिज्या ८ म्हणजे जाडीच्या ४ पट, चालेल. १० केलीस तर भार आणखी उतरेल. फार मोठी करू नकोस, शेवटी फ्लँज होल्डरमधून लवकर सुटते आणि काठाला सुरकुत्या येतात. आणि डायच्या ओठावरून नखाने फिरवून बघ. नख अडलं तर पॉलिश अजून झालेलं नाही.

ताण-विकृती
सोमवार, संध्याकाळी ६.५०

मी पुण्यात फॉर्मिंग सिम्युलेशनचं काम करते. धागा वाचताना एक गोष्ट खटकली, ती मांडते. बहुतेक ठिकाणी हे सूत्र नुसतं दिलेलं असतं, त्याच्या मागचं कारण कुणी सांगत नाही.

कपाची भिंत हीच ड्रॉची दोरी. पंच तळाला ढकलतो, तळ भिंतीला ओढतो, भिंत फ्लँजला आत ओढते. ती भिंत तुटण्याआधी किती सोसेल? तिचा छेद ३.१४ × १२० × २ = ७५४ चौ. मिमी. गुणिले ३४० म्हणजे २,५६,००० न्यूटन, २६.१ टन. आणि सूत्र सांगतंय २७. भिंत २६ सोसते आणि आपण २७ लावणार, तर कप तळाच्या वळणावर फाटायलाच हवा, नाही का?

फाटत नाही. एक तर सूत्र सावध बाजूचं आहे, खरा भार सहसा त्याच्या खालीच येतो. दुसरं, पंचाला चिकटलेल्या भिंतीला घेरात आकसता येत नाही, त्यामुळे साध्या टेन्साइल पट्टीपेक्षा ती थोडं जास्त सोसते, सिद्धांताने साधारण १५ टक्के. ब्लँक आणि पंच यांचं गुणोत्तर इथे १.७३ आहे. चांगल्या ईडीडीला पहिल्या ड्रॉमध्ये १.८ ते २ पर्यंत नेता येतं, म्हणजे पार्ट आवाक्यातला आहे.

यातून एक सोपी वरची मर्यादा मिळते. पंचाचा भार कधीही 'परिमिती × जाडी × ताणशक्ती'च्या फार वर जाऊच शकत नाही, कारण त्याआधी कप फाटेल. कोटेशनच्या टेबलावर गुणोत्तर माहीत नसलं, ब्लँक अजून ठरला नसला, तरी हा एक गुणाकार करून प्रेस निवडता येते. चौकोनी डबा असला तर पंचाची परिमिती घ्या. थोडा जास्त अंदाज येईल, कमी येणार नाही.

ताणशक्तीचा आकडा मात्र पुस्तकातून उचलू नका. आयएस ५१३ (पत्र्याचं भारतीय मानक) मध्ये ईडीडीला २७० ते ३५० अशी पट्टी आहे. २७० आणि ३५० यांत पाव हिश्श्याहून जास्त फरक पडतो. कॉइलबरोबर आलेलं टेस्ट सर्टिफिकेट काढा आणि त्यातला आकडा घाला. आमच्याकडे ऑटोफॉर्ममध्ये (सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये) काम येतं तेव्हाही पहिला वाद मटेरियलच्या आकड्यावरच होतो. घर्षण ०.१२ धरलं की ०.१५ याने भाराचा वक्र हलतो, पण चुकीच्या ग्रेडने तो जितका हलतो तितका नाही.

कोल्हापूरचा ब्रेकवाला
सोमवार, रात्री ८.२०

धागा ड्रॉचा आहे, पण बेंडिंगबद्दल एक लिहितो. शिरोलीत आमच्याकडे ट्रॉली आणि एन्क्लोजरचं काम असतं.

व्ही बेंडला (पत्रा व्ही आकाराच्या खाचेवर वाकवायला) बळ = १.३३ × ताणशक्ती × लांबी × जाडीचा वर्ग ÷ व्हीची रुंदी. लक्ष ठेवायचं ते जाडीच्या वर्गावर. जाडी दुप्पट झाली आणि व्ही तोच ठेवला तर टन चौपट. ३ मिमी एमएस (साधं पोलाद), ताणशक्ती ४५० धरली, व्ही २४ (जाडीच्या ८ पट), तर मीटरला २३ टन. अडीच मीटरचा दरवाजा म्हणजे ५७ टन. पोराने आतली त्रिज्या लहान हवी म्हणून १६ चा व्ही लावला तर तोच दरवाजा ८६ टन मागतो. मशिन १०० टनी असेल तर दोन्ही वेळा बेंड निघतो, पण दुसऱ्या वेळी बेड मध्ये वाकतो आणि कोन मधल्या भागात उघडा राहतो. गिऱ्हाईक म्हणतं दरवाजा बसत नाही.

हे एअर बेंडचं (पत्रा व्हीच्या तळाला न टेकवता वाकवण्याचं) झालं. तळाला नेऊन ठोकलं तर तिप्पट ते पाचपट धरा. आतली त्रिज्या एअर बेंडमध्ये व्हीच्या सहाव्या हिश्श्याइतकी येते, पंचाचं टोक कितीही अणकुचीदार असलं तरी. ती लहान हवी असेल तर ड्रॉइंगवाल्याशी बोला, मशिनला मारू नका.

आणि तीन मीटरच्या १०० टनी ब्रेकवर (पत्रा वाकवायच्या मशिनवर) मधोमध अर्ध्या फुटाचा जाड तुकडा ठेवून शंभर टन लावू नयेत. ते शंभर टन सगळ्या लांबीवर पसरून दिलेले आहेत, मीटरला तेहतीसच्या हिशोबाने.

स्टीलचा डबा
सोमवार, रात्री ९.५०

भाईंदरला भांड्यांच्या लाइनमध्ये आहे. आमच्याकडे ३०४ स्टेनलेस. त्याची ताणशक्ती कागदावर किमान ५१५ असते, हातात येणारा माल बहुतेक ६०० च्या वर. पत्रेवाल्यांचाच कप ३०४ मध्ये केला, ६२० धरले, तर पंचालाच ४९ टन. आम्ही पातळ पत्र्यात असतो म्हणून वाचतो. १५० व्यासाचा ०.५ मिमीचा डबा ताण-विकृती ताईंच्या गुणाकाराने १५ टनांच्या आत बसतो.

मी वेगाबद्दल लिहायला आलो. पत्रेवाले, तुमची प्रेस मिनिटाला ४५ स्ट्रोकची असेल तर ६० मिमीवर रॅमचा वेग सेकंदाला ३६५ मिमी, मिनिटाला जवळजवळ २२ मीटर. साध्या पोलादाच्या ड्रॉला १७ मीटरच्या आसपास थांबावं, स्टेनलेसला तर ६ ते ९ पुरे. डाय पत्र्यावर आपटते, तेल निघून जातं आणि तळाच्या वळणावर कप सुटतो. नंतर लोक मटेरियलला दोष देत बसतात. आमच्याकडे हायड्रॉलिक आली तेव्हा फुटीचं प्रमाण कमी झालं, आणि टन तर आधीच्या मशिनपेक्षा कमीच होते.

स्टेनलेस दाबताना ते कडकही होत जातं. दुसऱ्या ड्रॉला पहिल्याच ताणशक्तीने हिशोब केला तर फसाल. मध्ये अॅनिलिंग केलं (तापवून परत मऊ केलं) तरच पहिला आकडा परत वापरता येतो.

खटपट्या
सोमवार, रात्री १०.१५

आमचे जुने मिस्त्री एकच सूत्र शिकवून गेले: परिमिती × जाडी × ३५, भागिले १०००, आले टन. त्यावर माझी वीस वर्षं निघाली. ते चुकीचं म्हणायचं का?

सातपूरकर
सोमवार, रात्री १०.४०

अजिबात नाही. ते ३५ म्हणजे किलो प्रति चौ. मिमी, एमएसची कातरशक्ती, थोडी वरच्या बाजूने धरलेली. पत्रेवाल्यांच्या ब्लँकला लावा: ६५३ × २ × ३५ ÷ १००० = ४५.७ टन. त्यांचे आले ३६, कारण ईडीडी मऊ. मिस्त्रींच्या आकड्यात बोथट पंच आणि स्ट्रिपरचा (पंचाला चिकटलेला पत्रा सोडवणाऱ्या पट्टीचा) भारही झाकला जातो. स्ट्रिपिंगला कापण्याच्या बळाच्या ५ ते २० टक्के लागतात आणि स्प्रिंगचा स्ट्रिपर असेल तर तेही रॅमला दाबावे लागतात.

ते सूत्र कुठे फसवतं तर नव्या कडक पत्र्यांत. गाड्यांच्या सीटचे ब्रॅकेट आता ६०० ताणशक्तीच्या ड्युअल फेज पत्र्यात येतात. तिथे ३५ च्या जागी ४९ घालावे लागतात. शिवाय तो पत्रा तुटतो तेव्हा एकदम सुटतो आणि फ्रेममध्ये साठलेला ताण रॅमला उलटा झटका देतो. साध्या प्रेस असा उलटा भार रेटेड टनांच्या १०-२० टक्क्यांपर्यंतच सोसतात. टनेज मॉनिटर बसवलेला असला तर तो उलटा काटा दिसतो. नसला तर सैल झालेले टाय रॉड आणि तडकलेले बोल्ट दिसतात, सहा महिन्यांनी.

शटहाइट
मंगळवार, सकाळी ८.१०

पत्रेवाले, ऑर्डरचं काय केलंत मग?

पत्रेवाला
पुढचा रविवार, रात्री ८.३०

उशीर झाला, पण कप हातात घेऊनच लिहायचं ठरवलं होतं.

आधी टेस्ट सर्टिफिकेट काढलं. ताणशक्ती ३१५. म्हणजे माझे २७ टन मुळात २५ च होते. डाय उघडून क्लिअरन्स २.२ केला, त्रिज्या ८ ची १० केली आणि ओठ हाताने पॉलिश केला. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. काकांनी सांगितलं तसं नख फिरवत राहिलो, शेवटी ते कुठेच अडेना.

मग ओळखीच्या एका शॉपमधली ८० टनी हायड्रॉलिक तासावर घेतली. सिलिंडरचा बोअर २०० मिमी, म्हणजे क्षेत्रफळ ३१४ चौ. सेमी. गेजवर जेवढे किलो प्रति चौ. सेमी दिसतील ते गुणिले ३१४, भागिले १०००, की थेट टन. कुशन ९ टनांवर लावलं. ऑपरेटरने बटण दाबलं आणि मी गेजवरून नजर हलवली नाही. पत्रा टेकताच काटा तीसच्या जवळ गेला, मग भराभर चढत १०५ वर पोचला, तिथे क्षणभर थरथरला आणि उतरायला लागला. तेव्हा रॅमच्या पट्टीवर पाहिलं, कप जेमतेम सतरा-अठरा मिमी उतरला होता. शिगेचा भार पहिल्या तिसऱ्या हिश्श्यात, हे काकांचं वाक्य डोळ्यांसमोर घडलं. १०५ × ३१४ म्हणजे ३३ टन. कुशनचे ९ वजा केले की पंचाचे २४. सूत्र म्हणत होतं २५.

दहा कप काढले, दहाही चांगले. काठाची जाडी २.१८ ते २.२१ भरली. जुन्या क्लिअरन्सने हे काय झालं असतं ते आता कळतं. एका कपाच्या काठाला चार हलक्या लाटा आहेत, त्या पत्र्याच्या रोलिंगच्या दिशेमुळे येतात असं तिथल्या सेटरने सांगितलं. त्या ट्रिमिंगमध्ये जातील.

दराचं सांगायचं तर ब्लँकिंग आमच्याकडे आणि ड्रॉ त्यांच्याकडे, असं ठरवलंय. मी कोटेशन ६३ टनी प्रेसच्या रेटने दिलं होतं, त्यामुळे पहिल्या लॉटला पदरचे जातील. गिऱ्हाइकाला सगळं कागदावर मांडून दाखवलं. दुसऱ्या लॉटपासून दर सुधारून देतो म्हणाले.

जुना फोरमन
पुढचा रविवार, रात्री ९.०५

२४ आणि २५. फार छान वाटलं वाचून. गेजचा तो हिशोब डायच्या हिस्टरी कार्डावर तारखेसकट लिहून ठेव. पुढे कधी तोच कप ११५ दाखवायला लागला तर डाय झिजली, तेल बदललं की पत्रा बदलला, एवढंच शोधायचं राहील.

आणि की? काढून बघितलीस का?

पत्रेवाला
पुढचा रविवार, रात्री ९.२०

हो काका, तुम्ही सांगितल्यावर दुसऱ्याच दिवशी. वरून काही दिसत नव्हतं. धुऊन उजेडात धरली तेव्हा एका कडेला मोहरीच्या दाण्याएवढा चेंबलेला ठसा दिसला, आणि त्याच्यापासून केसासारखी एक बारीक रेघ आत गेलेली. क्रँकचा कीवे डाय पेनिट्रंट (बारीक तडे दाखवणारा रंग) लावून तपासला, तो चांगला निघाला. नवीन की बसवली. जुनी फेकलेली नाही, प्रेसच्या नेमप्लेटखाली तारेने बांधून ठेवलीय आणि शेजारी ऑइल पेंटने लिहिलंय: ६३ टन, शेवटचे ६ मिमी.